अक्कांचा खोकला

एन्झाइम म्हणजे काय, असं मला आजवर शंभर जणांनी विचारलं असेल. माझं उत्तर ठरलेलं असायचं. भाकरीचा तुकडा तोंडात घ्या आणि गिळू नका, नुसता चावत राहा. थोड्या वेळाने गोड लागतो की नाही? पिठाचं गोड करणारं ते जे तुमच्या लाळेत आहे ना, ते एन्झाइम. आम्ही ते बुरशीकडून करून घ्यायचो. एकदा शेजारच्या काकू नाक मुरडून म्हणाल्या, "शी, बुरशी?" मी म्हटलं, "काकू, तुमच्या नातवाला जेवण झाल्यावर जे पाचक सिरप पाजता, ते याच्यावरच चालतं." त्यानंतर त्या माझ्याशी आठ दिवस बोलल्या नाहीत. माझी जीभ तेव्हा तशीच होती. जिभेला हाड नसतं म्हणतात, माझ्या जिभेला लगामही नव्हता. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे घडलं त्यात त्या जिभेचा हात आहे.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. धुळ्याच्या कॉलेजातून मायक्रोबायॉलॉजी घेऊन बी.एस्सी. झाले आणि जळगावच्या औद्योगिक वसाहतीत एका लहानशा कारखान्यात केमिस्ट म्हणून लागले. कारखाना कसला, पत्र्याच्या दोन शेड, एक बॉयलर आणि पंचवीसेक माणसं. त्यात सूक्ष्मजीवांचं शिकलेली मी एकटी. वय तेवीस आणि तोरा पन्नाशीचा. घरी आई अहिराणीच बोलायची, पण कारखान्यात मी कटाक्षाने पुस्तकी मराठी बोलायचे. शेठसुद्धा मला 'अहो मॅडम' म्हणायचे. फक्त ट्रेच्या खोलीतल्या बाया ताई म्हणायच्या.

काम ऐकायला सोपं होतं. गव्हाचा कोंडा ओला करून वाफेवर शिजवायचा, ॲल्युमिनियमच्या ट्रेमध्ये बोटभर जाडीचा पसरायचा, त्यावर माझ्या परीक्षानळीत जपलेल्या बुरशीचं बियाणं शिंपडायचं आणि ट्रे एका उबदार, दमट खोलीत रचून ठेवायचे. दुसऱ्या दिवशी कोंड्यावर पांढरी लव यायची. तिसऱ्या दिवशी ती पिवळसर हिरवी व्हायला लागली की ट्रे काढायचे. मग कोंड्यातला अर्क पाण्यात उतरवायचा, त्यातून एन्झाइम वेगळं काढून वाळवायचं, दळायचं, आणि शेवटी मलमलीच्या चाळणीतून चाळून पिठूळ पावडर डब्यात भरायची. थोडी औषधवाल्यांकडे जायची, थोडी ग्लुकोज आणि बिस्किटं करणाऱ्यांकडे.

सोपं म्हटलं खरं, पण बुरशी जिवंत असते. वाढताना तापते. ट्रे फार तापला की स्वतःच्याच उबेत मरते, कोरडा पडला की वाढ थांबते, आणि जास्त ओला राहिला की दुसरेच जंतू येऊन सगळं आंबवून टाकतात. त्यासाठी माझ्याकडे थर्मामीटर होतं, तक्ते होते. आणि ट्रेच्या खोलीत अक्का होत्या.

अक्का तेव्हा पस्तिशीच्या असतील. पिंप्राळ्यात राहायच्या, नवऱ्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. शाळा चौथीपर्यंत. पण हाताची पालथी बाजू ट्रेवर ठेवून त्या सांगायच्या, "ताई, हाऊ ट्रे तापना शे, हात फिरावना पडी." मी थर्मामीटर खुपसून बघायचे तर खरंच दोन अंश वर गेलेलं असायचं, मग हाताने कोंडा उलथून मोकळा करायचा. वासावरूनही त्यांना कळायचं. कोंडा नीट लागला की उकडलेल्या शेंगांसारखा वास यायचा. त्या दारातूनच नाक वर करून सांगायच्या, की मागच्या रांगेत काहीतरी आंबलंय. सुरुवातीला मला राग यायचा. पदवी माझी आणि नाक त्यांचं! पुढे मी मुकाट्याने त्यांचं ऐकायला लागले.

शेवटची चाळणही अक्काच करायच्या. पावडर किती बारीक आली ते त्यांच्या बोटांना कळायचं. चाळणीची खोली लहानशी, एक दार, एक झरोका. पावडर इतकी हलकी की फुंकर मारली तरी उडायची, म्हणून चाळताना दार लावायचं आणि पंखा बंद ठेवायचा, हा नियम होता. तो नियम माझा. मीच कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दारावर चिकटवला होता. अक्का नाकावर पदर बांधून आत जायच्या आणि तासाभराने बाहेर यायच्या, तेव्हा भुवया-पापण्या पांढऱ्या झालेल्या असायच्या. बाया चिडवायच्या, "अक्का म्हातारी व्हई गई." अक्काही हसायच्या.

प्रत्येक घाणा, म्हणजे एका खेपेचा माल, निघाला की मी त्याची ताकद तपासायचे. स्टार्चच्या पाण्यात आयोडिन टाकलं की गडद निळं होतं. त्यात आपली पावडर टाकायची आणि घड्याळ लावायचं. एन्झाइम स्टार्च खात जातं, निळा रंग विरत जातो. जितका लवकर गेला तितकी पावडर जोरदार. मात्र एका नळीवर कधी भागत नसे. शेजारी दुसरी नळी लावायचीच. त्यात सगळं तेच, फक्त पावडर नाही. त्या नळीतलं निळं जसंच्या तसं राहिलं, तरच म्हणायचं की पहिल्या नळीतला रंग पावडरीने घालवला. या दुसऱ्या नळीला आम्ही कंट्रोल म्हणायचो. दुसरी नळी नसेल तर पहिलीवर विश्वास ठेवायचा नाही, हे मी नव्या पोरींना अगदी ओरडून ओरडून शिकवायचे.

मी लागले त्याच्या दुसऱ्या वर्षी अक्कांना खोकला लागला. आधी कोरडा, मग छातीत शिट्टी वाजल्यासारखा. एक दिवस म्हणाल्या, "ताई, छातीवर दगड ठेयेल शे असं वाटस." मी खोकल्याचं औषध आणून दिलं. पिंप्राळ्यातल्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, थुंकी तपासली, क्षय नाही म्हणाले. खोकला काही गेला नाही. मग त्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेल्या. खानदेशात आखाजी म्हणजे सासुरवाशिणीचा सण, दिवाळीला एक वेळ लेक येणार नाही, पण आखाजीला येणारच. आठ दिवसांनी अक्का परत आल्या त्या ठणठणीत. गाल वर आलेले, आवाज मोकळा. आणि कामावर चार दिवस होतात न होतात तोच पुन्हा खोकला सुरू.

झालं. बायांना विषय मिळाला. सासरी खोकला आणि माहेरी बरी! आपल्याकडे असल्या दुखण्याचं निदान घरोघरच्या सासवांनी कधीच करून ठेवलेलं आहे. हे कामचुकारपणाचं दुखणं, लाडाचं दुखणं. कोणी म्हणालं, माहेरची हवा बाटलीत भरून आणा. मीही हसले. शेठ म्हणाले, "बाई कामाची आहे, पण जरा नाटकी आहे."  मनातून मला ते पटलं होतं.

पुढच्या वर्षी आखाजीला अक्का पुन्हा गेल्या. वैशाखातलं जळगाव म्हणजे काय, ते तिथे राहिलेल्यालाच कळेल. पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी उभं राहवत नसे. ट्रेच्या खोलीत आम्ही ओली गोणपाटं टांगायचो, ती तासाभरात खडखडीत वाळायची. गोणपाट कधी ओलं करायचं आणि कोणत्या रांगेला आधी हात फिरवायचा, हे सगळं अक्कांच्या अंगात होतं. त्या गेल्या आणि माझे तक्ते तोंडावर पडले. एक घाणा जळला, दुसरा आंबला. औषधवाल्यांचा माल आठवड्यात जायचा होता. शेठनी मला बोलावलं आणि म्हणाले, "मॅडम, तुम्हीच जा आणि अक्काला घेऊन या. पुरुषमाणूस पाठवला तर घरचे पाठवायचे नाहीत."

आखाजी दोन दिवसांवर आली होती. मी सकाळच्या पॅसेंजरने नरडाण्याला उतरले. तिथून एका बैलगाडीने त्यांच्या गावी. घर विचारत गेले तर कोणीतरी म्हणालं, त्या झोक्यावर असतील. गावाबाहेर मोठा निंब होता, त्याला जाड दोराचा झोका, आणि भोवती वीस-तीस बाया. झोक्यावर दोघी समोरासमोर उभ्या राहून झोका चढवत होत्या. त्यातल्या एक अक्का.

मी एका बाजूला उभी राहून बघत राहिले. गुडघे वाकवून जोर लावायचा, झोका वर गेला की गाण्याची ओळ टाकायची, खाली आला की दुसरीने उचलायची. असं किती वेळ चाललं होतं कोण जाणे, मी आल्यापासूनच अर्धा तास झाला असेल. अक्कांचा आवाज निंबाच्या वर जात होता. एकदाही खोकल्या नाहीत. धापसुद्धा लागली नाही. ही बाई आमच्याकडे चार पायऱ्या चढली तरी भिंत धरायची.

आणि मला काय वाटलं असेल? आनंद? छे. माझा जळफळाट झाला. तिकडे माझे घाणे जळताहेत, शेठची बोलणी मी खातेय, आणि ही इथे गाते आहे! त्या झोक्यावरून उतरल्या, मला बघून त्यांचं तोंड फुललं, धावत आल्या. आणि सगळ्या बायांच्या देखत मी म्हटलं, "काय अक्का, खोकला गाडीतच विसरलात वाटतं?"

बाया खो खो हसल्या. अक्काही हसायला गेल्या, पण हसू अर्ध्यावरच राहिलं. मग त्यांनी कपाळावरचा घाम पुसला आणि शांतपणे विचारलं, "काय काम काढं ताई?" मी सांगितलं. त्या घराकडे चालू लागल्या.

घरी त्यांचे वडील, आबा, ओट्यावर बसले होते. मला पाणी दिलं, गुळाचा खडा दिला. लेकीने पिशवी भरायला घेतलेली बघून म्हणाले, "सण टाकीसन लेक जास का कधी?" अक्का आतूनच म्हणाल्या, "काम शे आबा." आबा माझ्याकडे वळले. त्यांनी भांडण केलं नाही. नुसतं एवढंच म्हणाले, "पोर आठे उनी का दोन दिनमां बरी व्हस. तठे काय व्हस तिले, काय माहीत."

तिथे काय होतं तिला, काय माहीत. म्हातारा अगदी बरोबर प्रश्न विचारत होता आणि विचारतही होता बरोबर माणसाला. मी घड्याळ बघत म्हटलं, "आबा, गाडी चुकेल."

परतीच्या प्रवासात अक्का खिडकीशी बसल्या होत्या. अमळनेर गेल्यावर एकदाच म्हणाल्या, "मी नाटक नही करस ताई." मी म्हटलं, "अहो, गंमत केली." पुढचा घाणा अक्कांनी वाचवला. माल वेळेवर गेला. शेठनी सगळ्यांना पेढे वाटले, तेव्हा अक्कांनी आपला पेढा पदरात बांधून ठेवला.

त्यानंतर अक्कांनी माझ्याजवळ खोकल्याचं नाव काढलं नाही. औषध मागितलं नाही, सुट्टी मागितली नाही. मला वाटलं, बरं झालं, नाटक संपलं. मग हळूहळू लक्षात आलं, की दिवसातून चार-पाच वेळा त्या बॉयलरच्या मागे नळावर जातात. बॉयलरच्या आवाजात खोकला ऐकू येत नाही. मी एकदा तिकडून जाताना त्यांना पाहिलं, नळाची तोटी धरून वाकलेल्या, खांदे वरखाली होत होते. मला पाहताच त्यांनी घाईने चूळ भरली आणि म्हणाल्या, "तंबाखूना ठसका लागना." त्या तंबाखू खात नव्हत्या. मला हे ठाऊक होतं, तरी मी पुढे निघून गेले. आज लिहिताना हात थांबतो. पण लिहायलाच हवं, मी पुढे निघून गेले.

श्रावणात मोठी ऑर्डर आली. तीन दिवस चाळणीचंच काम होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी मी नळ्या लावून घड्याळ बघत बसले होते, तेवढ्यात बाहेर ओरडा झाला. चाळणीच्या खोलीचं दार उघडं होतं आणि अक्का उंबऱ्यात बसल्या होत्या. दोन्ही हात जमिनीला टेकलेले, तोंड उघडं, भुवयांवर पांढरी पावडर आणि ओठ निळे. हवा आत जात होती, बाहेर येत नव्हती. त्या माझ्याकडे बघत होत्या आणि मान हलवून नाही, नाही म्हणत होत्या. नाटक नाही, असंच त्यांना म्हणायचं असणार. दुसरं काय असणार?

रिक्षात मी त्यांना मांडीवर घेऊन बसले. दवाखान्यात ऑक्सिजन लावला, इंजेक्शनं दिली. तासाभराने ओठांना रंग आला. डॉक्टर तरुण होते, माझ्याच वयाचे असतील. त्यांनी मला विचारलं, बाई काय काम करतात. मी मोठ्या तोऱ्यात समजावून सांगायला लागले, बुरशी, कोंडा, एन्झाइम. त्यांनी मध्येच थांबवलं आणि अक्कांकडे वाकून विचारलं, "बाई, सुट्टीत गावाला जाता तेव्हा त्रास कमी होतो का?"

अक्कांच्या तोंडावर मास्क होता. त्यांनी तो दोन बोटांनी जरासा उचलला आणि माझ्याकडे हात केला. "ताईले इचारा," म्हणाल्या. श्वास घेतला. "ताईनी दखेल शे."

ताईंना विचारा, ताईंनी पाहिलंय. त्यात टोमणा नव्हता हो! टोमणा असता तर मी उलटून बोलले असते, तेवढी मी नक्कीच होते. तो साधा विश्वास होता. आपल्या शब्दावर कोणी विश्वास ठेवणार नाही, पण या शिकलेल्या पोरीने डोळ्यांनी पाहिलंय, ती खरं सांगेल, एवढंच.

मी सांगितलं. "हो. माहेरी पूर्ण बऱ्या असतात. झोका चढवत अर्धा तास गात होत्या. मी पाहिलंय."

डॉक्टर म्हणाले, "मग कामावरच्या पावडरीचाच दमा आहे हा. पिठाच्या गिरणीवाल्यांना होतो, तसलाच. पावडरीपासून लांब नेलं की बरं, जवळ आणलं की पुन्हा. हे इतके दिवस कोणाच्याच कसं लक्षात आलं नाही?"

कसं आलं नाही! लांब नेलं की बरं, जवळ आणलं की पुन्हा. एका नळीत पावडर, दुसरीत नाही. आयुष्यभर ज्याच्यावर पोट भरलं तो प्रयोग माझ्यासमोर दोन वर्षं मांडलेला होता. दुसरी नळी निंबाच्या झाडाला टांगलेली मी स्वतः जाऊन पाहून आले होते, आणि तिथून हाताला धरून तिला पावडरीत आणून सोडलं होतं. वर पंखा बंद करायचा कागदही माझाच. दिव्याखाली अंधार म्हणतात, इथे तर दिवाच मी होते. मी दवाखान्याच्या व्हरांड्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून रडले. त्यामुळे कोणाला काही फायदा झाला नाही.

दुसऱ्या दिवशी मी दारावरचा कागद फाडला आणि शेठना सांगितलं, चाळणीच्या खोलीतली धूळ बाहेर ओढणारं यंत्र आणि सगळ्यांना मास्क येत नाहीत तोवर एकाही घाण्याच्या तपासणीवर माझी सही होणार नाही. सहीशिवाय औषधवाले माल घेत नसत. शेठ तापले, मीही तापले. माझ्या फटकळ तोंडाचा चांगल्या कामासाठी उपयोग झाला तो तेव्हा पहिल्यांदा. पंधरा दिवसांत यंत्र बसलं. बसवून झाल्यावर शेठ म्हणाले, "मॅडम, आधी बोलला असता तर आधी बसवलं असतं." माणूस वाईट नव्हता. आणि म्हणत होता तेही खोटं नव्हतं.

अक्का परत आल्या नाहीत. शेठनी ऑफिसात हलकं काम देऊ केलं, पण कारखान्याच्या फाटकाशी आलं तरी त्यांची छाती आवळायला लागे. दम्याचं असंच असतं, एकदा दार उघडलं की ते पुरतं मिटत नाही. पुढे साध्या धुळीने, चुलीच्या धुरानेही त्यांना त्रास व्हायचा. मग नवरा-बायको दोघंही अक्कांच्या माहेरी राहायला गेले. नवऱ्याने नरडाण्यात सायकलचं दुकान टाकलं.

पुढच्या आखाजीला मी गेले. कोणी पाठवलं नव्हतं. आबांनी मला ओळखलं, पाणी दिलं, गुळाचा खडा दिला आणि म्हणाले, "यंदा सण व्हई जाऊ द्या ताई, मंग जा." मी मान खाली घालून म्हटलं, "राहसू आबा." अहिराणी बोलले. आईखेरीज दुसऱ्या कोणाशी मी ती भाषा बोलले, ते त्या दिवशी पहिल्यांदाच.

संध्याकाळी निंबाखाली गेलो. उभ्याने झोका चढवणं आता अक्कांना जमण्यासारखं नव्हतं. त्या दोरावर बसल्या आणि बाजूला सरकून मला म्हणाल्या, "बठा ताई." मी शेजारी बसले. दोन पोरींनी मागून हळू झोका दिला. त्यांच्या छातीतली शिट्टी मला माझ्या खांद्याला जाणवत होती.

गाण्याची सुरुवात अक्कांनीच करायची, असं बायांनी ठरवलेलं होतं. त्यांनी पहिली ओळ म्हटली. आवाज तोच होता, फक्त आता निंबाच्या वर जात नव्हता. दुसऱ्या ओळीला त्या थांबल्या. तोंड उघडलं, हवा येईना. मला वाटलं, दुसरी कोणी तरी आता ती ओळ उचलेल. कोणीही उचलली नाही. वीस-तीस बाया गप्प उभ्या राहिल्या, ज्या गेल्या वर्षी माझ्या बोलण्यावर खो खो हसल्या होत्या त्याही. झोका नुसता हलत होता.

निळा रंग जायला किती वेळ लागतो ते मोजायची मला सवय आहे. घड्याळ नसलं तरी मी मनात आकडे म्हणते. त्या दिवशीही मी मोजत होते. सत्तावीसला अक्कांचा श्वास परत आला आणि त्यांनी दुसरी ओळ म्हटली.